दहा बैठकांत गुडघे बरे? जरा दमानं घ्या!

कृष्णाकाठ (सांगली): काल इथं एकानं लिहिलं, सासूबाईंचे गुडघे अ‍ॅक्युपंक्चरच्या दहा बैठकांत बरे झाले, मिरजेचे हाडांचे डॉक्टर नुसते लुटारू. लोकांनी धडाधड अंगठे दिले. मला काही गप्प बसवेना. अहो, गुडघेदुखी आपणहून कमी-जास्त होते. अगदी असह्य झाली की माणूस सुईवाल्याकडे जातो, मग उतरली की श्रेय सुईला. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर चाचणी झाली, २००७ साली छापून आली. काहींना शास्त्रातल्या बिंदूंवर सुया, काहींना भलत्याच जागी वरवर. पहिल्यांत ४७.६ टक्क्यांना फरक पडला, दुसऱ्यांत ४४.२. मग अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांनी सुया टोचायचे ते ३६१ बिंदू पाठ कशाला करायचे?

वाईच्या काकू: अर्धंच वाचलंत. त्याच चाचणीत तिसरा गट होता, नेहमीची औषधं-व्यायामवाला. त्यांच्यात फरक पडला २७.४ टक्क्यांना. तो आकडा कुठं सांडला? माझी अर्धशिशी वीस वर्षांची. महिन्यातून सहा-सात दिवस अंधार करून पडायची. सुया घेतल्यापासून दोन. मला ती ‘ची’ नावाची चिनी प्राणशक्तीबी माहीत नाही, काही नाही. आणि महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा आहे, ही काय बुवाबाजी आहे?

कृष्णाकाठ: कायदा केला म्हणून बिंदू खरे होत नाहीत.

फडकरी (कडेगाव): आमच्याकडं पूर्वी वैदू यायचा तुंबडी लावायला, अंगाला चिकटवून रक्त वढायची ती. शिकल्याली माणसं म्हणायची अंधश्रद्धा. २०१६ ला रिओच्या ऑलिंपिकात त्या पोहणाऱ्या फेल्प्सच्या अंगावर लाल चकत्या दिसल्या, नि त्याच तुंबडीचं कपिंग झालं. आता साताऱ्यात बोर्ड लावून पैसं घेत्यात. तुंबडी भरती कुणाची, ते समजून घ्या.

सोन्याचा_गाव: आपले डॉ. कोटणीस हे सुया टोचणंच शिकायला चीनला गेले होते ना?

कृष्णाकाठ: नाही हो. कोटणीस सोलापूरचे, गेले १९३८ ला, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायला. त्यांना तरी सुया टोचू नका.

मिरजकर: मूळ मुद्दा राहू दे, ‘लुटारू’ हा शब्द मागे घ्या. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ ला इथं दवाखाना उभारला. तेव्हापासून कर्नाटकापर्यंतची माणसं मिरजेलाच येतात. का, मूर्ख आहेत म्हणून?

फडकरी (कडेगाव): आमच्या आबांना नेलं हुतं तिकडं, दवाखान्याचं नाव घेत न्हाई. आधी एमआरआय, मग रक्त, मग पुन्हा एमआरआय. डॉक्टर भेटला तीन मिनिटं. वर बघून बोललाबी न्हाई. उसाचं बिल आलं नि तिथंच गेलं.

मिरजकर: तीन मिनिटांत, कारण बाहेर ऐंशी माणसं बसलेली असतात. एका डॉक्टरवरून अख्ख्या गावाला शिव्या देता? तुमचा साखर कारखाना उसाच्या वजनात काटा मारतो म्हणून सगळे काटे खोटे म्हणायचे का?

फडकरी (कडेगाव): हो, म्हणायचंच! काट्याचं नाव काढलंच हाय तर बोलू...

वाईच्या काकू: काटा नका काढू, रात्र जाईल. पण बघा, माझा सुईवाला पाऊण तास बसतो. झोप कशी लागते, जेवण कधी होतं, सगळं विचारतो. मिरजेत मला कुणी विचारलं नाही.

कृष्णाकाठ: मग तेच म्हणतोय की मी! गुण पाऊण तासाचा, सुईचा नव्हे.

वाईच्या काकू: असेल. मग तुमच्या डॉक्टरांना सांगा पाऊण तास बसायला, सुया मी घरी ठेवते.

कृष्णाकाठ: बरं बाई, कंबर, डोकं, गुडघा, टोचा खुशाल. सुई नवी, पाकिटातली असली म्हणजे झालं, आणि छातीवर अडाण्याच्या हातून नको, फुप्फुसाला भोक पडल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. पण माझ्या मेव्हण्याला एकानं सांगितलं, मधुमेहाच्या गोळ्या बंद करा, बिंदू दाबू. आठ दिवसांत अतिदक्षता विभागात. तिथं मी भांडणारच.

वाईच्या काकू: त्याला तर मीही चपलेनं मारीन.

कृष्णाकाठ: एवढ्यावर एकमत झालं म्हणायचं. बाय द वे, बायकोची टाच चार महिने दुखते. व्यायाम झाले, बर्फ झाला. तो पत्ता जरा मेसेज करा. कुणाला बोलू नका.

वाईच्या काकू: देते की. पण भलत्याच जागी टोचायला सांगते. तुमच्या हिशेबानं फरक पडायचा नाही.