कॅफीन तुमच्या अंगात किती वेळ राहतं? अनुभव सांगा

एकाच किटलीतला चहा दोघांनी घ्यावा, एकाने तासाभरात घोरायला लागावं आणि दुसऱ्याने पहाटेपर्यंत कुशी बदलत पडावं, हे कितीतरी घरांत घडतं. वर जागणाऱ्यालाच ऐकवलं जातं, 'तुझ्या मनाचे खेळ आहेत.' मी औषधशास्त्र शिकवते आणि या वाक्याचा मला मनापासून राग येतो.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते आपल्या ग्राहींवर (पेशींवरच्या ठरावीक जागांवर, रिसेप्टर) जाऊन बसलं की पेंग येते. कॅफीनचा रेणू त्याच्याशी मिळताजुळता असतो, तो आधीच जाऊन त्या जागा अडवतो. झोपेची गरज तेवढीच राहते, फक्त तिची वर्दी पोचत नाही. प्यायल्यापासून पाऊण तासात जवळजवळ सगळं कॅफीन रक्तात उतरलेलं असतं. तिथून पुढे ते निम्मं व्हायला धडधाकट प्रौढ माणसाला सरासरी ५ तास लागतात. पण ही सरासरी झाली. कुणाला २ तास पुरतात, कुणाला ९-१० लागतात. कॅफीन मोडायचं काम मुख्यतः यकृतातलं सीवायपी१ए२ हे एकच विकर (एन्झाइम) करतं. ते जन्मतःच कुणाचं चपळ असतं, कुणाचं संथ. शिवाय औषधं, सिगारेटचा धूर आणि गरोदरपण यांनी त्याचा वेग बदलतो.

म्हणून हा धागा. तुम्हाला त्रास कधी झाला, कसा झाला आणि कशाने उतार पडला ते लिहा. जे उपाय केले पण लागू पडले नाहीत तेही लिहा, त्यांचा उपयोग तितकाच आहे.

सोनचाफा

मी संध्याकाळी सहाला चहा घेणारी. वर्षानुवर्षं घेतला, कधी काही झालं नाही. दुसऱ्या बाळाच्या वेळी सातवा महिना लागला आणि त्याच चहाने रात्री डोळ्याला डोळा लागेना. पोटाचा भार, पाठ, वारंवार उठणं, सगळ्यांनी सगळी कारणं सांगितली. चहाचं नाव कुणी घेतलं नाही, कारण चहा नेहमीचाच होता.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसभरात काय काय पिता? मग समजावलं की शेवटच्या तिमाहीत हे विकर इतकं मंदावतं की कॅफीन निम्मं व्हायला १५ तासही लागू शकतात. म्हणजे सकाळचं पुरतं गेलेलं नसताना त्यावर संध्याकाळचं चढत होतं. गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहा असं त्यांनी सांगितलं. मी दुपारनंतरचा चहा बंद केला आणि सकाळचा अर्ध्यावर आणला. आठवडा उलटायच्या आत झोप लागायला लागली. बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी जुना चहा पुन्हा सोसू लागला, पण बाळ अंगावर पीत होतं म्हणून मी बेताचाच ठेवला. नवजात बाळाचं हे विकर जवळजवळ सुरूच झालेलं नसतं. त्याच्या अंगातून कॅफीन निम्मं व्हायला तीन-चार दिवस लागू शकतात, हे ऐकल्यावर कप हातात घेताना विचार करावाच लागतो.

वाटसरू

सिगारेट सोडणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

सोडल्यावर काही दिवसांतच हात थरथरायला लागले, छातीत धडधड, चिडचिड, रात्री टक्क जागा. सगळे म्हणाले, तंबाखूची तलफ आहे, सहन कर. मी सहन करत होतो आणि तोंडाला काहीतरी हवं म्हणून कॉफी वाढवत होतो. समुपदेशकाने पहिल्याच भेटीत विचारलं, कॉफी किती?

धुरातले काही घटक ते विकर वाढवतात. त्यामुळे ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफीन जवळपास दुप्पट वेगाने निघून जातं. सिगारेट थांबली की काही दिवसांत हा वेग खाली येतो आणि तेवढीच कॉफी जवळजवळ दुप्पट चढते. हे काम धुराचं आहे, निकोटीनचं नाही, म्हणून निकोटीनची पट्टी किंवा गोळी चघळून हा वेग टिकत नाही. मी कॉफी निम्म्यावर आणली. तलफ होतीच, ती गेली नाही, पण थरथर आणि धडधड पुष्कळ कमी झाली. पुन्हा ओढायला लागावं इतकं असह्य वाटत होतं त्यातला मोठा वाटा कॉफीचा होता, असं मला आज ठामपणे वाटतं. सोडायचा दिवस ठरवाल तेव्हा कॉफी किती घ्यायची तेही ठरवून ठेवा.

अक्षरवेल

माझं थोडक्यात. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक चालू होतं. रोजच्या दोन कप कॉफीवर सुईत दोरा ओवता येईना, टोक नुसतं हलत राहायचं. औषध दुकानातल्या बाईंनी सांगितलं की ही गोळी कॅफीनची वाट अडवते. कॉफी थांबवली, गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला, हात स्थिर झाला. फ्लुवॉक्सामिन या नैराश्यावरच्या गोळीचाही असाच आणि याहून बराच जोरदार परिणाम होतो म्हणे.

धागाकर्ती

म्हणे नाही, खरंच होतो. आणि गर्भनिरोधक गोळ्यांनीही कॅफीन रेंगाळण्याचा काळ जवळपास दुप्पट होतो. नवीन औषध लिहून मिळालं की 'चहा-कॉफीशी काही आहे का' हा प्रश्न विचारायचाच.

पाणपोई

हे मुलाबद्दल आहे, त्याच्या परवानगीने लिहिते आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री त्याने जागरणासाठी कॅफीनच्या गोळ्या घेतल्या, एकेकीत २०० मिलिग्रॅम. पहिल्या गोळीने लगेच काही जाणवलं नाही म्हणून दुसरी, मग आणखी, मध्ये एनर्जी ड्रिंकचे दोन डबे. पहाटे मला हाक मारली तेव्हा तो पलंगाच्या कडेला बसला होता, दोन्ही तळहात मांड्यांवर दाबून धरलेले, तरी बोटं थांबत नव्हती. उलट्या चालू. मनगट हातात घेतलं, नाडी मोजता येईना इतकी पळत होती.

आम्ही ग्लासमागून ग्लास पाणी पाजायला सुरुवात केली, 'लघवीवाटे निघून जाईल' म्हणून. ते पाणीही उलटून पडत होतं. वेळ न दवडता दवाखाना गाठला. तिथे ईसीजी काढला, रक्त तपासलं. पोटॅशियम खाली आलं होतं, कॅफीन जास्त झालं की ते पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदयाचा ठोका बिघडायची भीती वाढते. सलाईनमधून ते भरून काढलं, उलटीचं औषध दिलं आणि यंत्रावर ठोके बघत दिवसभर ठेवून घेतलं.

मी पाण्याबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाले, उलट्यांमुळे कोरडं पडलेलं शरीर भरायला पाणी हवंच, पण त्याने कॅफीन धुऊन जात नाही. लघवीतून जेमतेम दोन-तीन टक्के कॅफीन जसंच्या तसं बाहेर पडतं. बाकी सगळं यकृताने मोडल्यावरच जातं आणि यकृताला घाई करता येत नाही. गोळी घेऊन फार वेळ झाला नसेल तर कोळशाची पूड देऊन पोटातलं कॅफीन रक्तात उतरण्याआधी अडवता येतं. फारच विकोपाला गेलं तर डायलिसिसही करतात. थोड्या वेळात १२०० मिलिग्रॅमच्या आसपास गेलं तर झटकेसुद्धा येऊ शकतात, आणि आमचा आकडा त्याच्या वर गेला होता.

म्हणून कळकळीने सांगते: थांबत नसलेल्या उलट्या, छातीत दुखणं, ठोका चुकत असल्याची जाणीव, भ्रमिष्टासारखं बोलणं, झटका, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. किती मिलिग्रॅम घेतलं हे डॉक्टरांना तिथल्या तिथे कळतं.

निशाचर

रात्रपाळीची परिचारिका आहे. माझी पद्धत: कॉफी पाळीच्या पहिल्या भागातच, तीही एकदम न पिता थोडी थोडी. परवानगीची विश्रांती मिळाली तर अर्धा कप पिऊन लगेच डोळे मिटायचे, वीस मिनिटांत उठायचं. तोवर कॅफीन चढायला लागलेलं असतं आणि डुलकीने अ‍ॅडेनोसिनही थोडं उतरलेलं असतं. पाळीच्या उत्तरार्धात मात्र कितीही पेंग आली तरी नाही.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपायच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं होतं. तरी झोप तासाभराहून जास्त घटली. आणि ज्यांची घटली त्यांच्या स्वतःच्या नोंदींत तो फरक नीटसा उमटलाच नाही. 'मला कॉफी पिऊनही छान झोप लागते' असं सांगणाऱ्या सहकाऱ्यांना मी हे नेहमी सांगते. झोप लागते, पण पुरती होते का?

रानवारा

मला भीतीचे झटके येतात आणि कॉफीची धडधड त्या झटक्यासारखीच वाटते, त्यामुळे एकातून दुसरं सुरू होतं. कॅफीन बाहेर काढता येत नाही हे एकदा नीट कळल्यावर मी त्याच्याशी झगडणं सोडलं. आता एवढंच करते: श्वास चार मोजून आत, सहा-सात मोजून बाहेर, बराच वेळ. मग घरातल्या घरात सावकाश चालणं. पोट रिकामं असेल तर काहीतरी खाणं, कारण उपाशीपोटी ते पटकन चढतं. स्वतःला मोठ्याने सांगते, 'हे कॅफीन आहे, संध्याकाळपर्यंत उतरेल.' धडधड तेवढीच राहते, भीती मात्र कमी होते. जोराचा व्यायाम करून घाम काढायचा सल्ला मिळाला होता. मला तो सोसला नाही, ठोके आणखी वाढले. दारूचा घोट घेऊन उतरवायचा सल्लाही लोक देतात, त्याच्या वाटेला कुणी जाऊ नये. दारूने कॅफीन मोडायचा वेग उलट कमी होतो.

दिवली

एकदम बंद करणाऱ्यांनो, जरा थांबा. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट असतं आणि एकूण त्रास आठवडाभरही चालू शकतो. मी दर तीन-चार दिवसांनी पाव कप कमी करत गेले, डोकेदुखी नावाला आली. डीकॅफ मिसळूनही जमतं, त्यात कॅफीन अगदी थोडं असतं, पण शून्य नसतं. डोकेदुखीची गोळी घेताना पाकीट वाचा. पॅरासिटामॉलच्या काही गोळ्यांत ६५ मिलिग्रॅम कॅफीन घातलेलं असतं, म्हणजे सोडलेलं परत आत.

भावाच्या बाबतीतलं एक सांगायलाच हवं. तो लिथियम हे मनोविकारावरचं औषध घेतो. कॅफीनने लिथियम लघवीतून जास्त बाहेर पडतं, त्यामुळे कॉफी अचानक सोडली तर रक्तातलं लिथियम वाढतं आणि धोका होऊ शकतो. त्याने मनोविकारतज्ज्ञांना आधी सांगितलं, त्यांनी रक्तचाचण्या करत करत कॉफी कमी करवली.

मोरपीस

बाबांना दम्यासाठी थिओफिलिन चालू आहे. त्यांना चहा पूर्ण बंद करायला सांगू का?

धागाकर्ती

तुम्ही परस्पर बंद करू नका, त्यांच्या डॉक्टरांना विचारा. थिओफिलिन आणि कॅफीन एकाच कुळातले. दोन्ही त्याच विकराकडे जातात, आणि कॅफीन मोडताना थोडं थिओफिलिन तयारही होतं. म्हणून चहा वाढला की मळमळ, धडधड, थरथर वाढू शकते. चहाचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा आणि किती कप होतात ते डॉक्टरांना सांगा. वर अक्षरवेल यांनी लिहिलेलं प्रतिजैविक बाबांना कधी कुणी लिहून दिलं तर थिओफिलिन चालू असल्याचं लगेच सांगा, त्याने थिओफिलिन रक्तात धोकादायक पातळीपर्यंत साठू शकतं. आणि फुप्फुसांची फुंकण्याची चाचणी ठरली असेल तर चहा किती तास आधी थांबवायचा तेही विचारून घ्या. कॅफीनने श्वासनलिका काही तास किंचित रुंदावतात आणि आकडे आहेत त्यापेक्षा बरे येतात.