मदत हवी आहे: 'हाकिमिया'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. फोंड्यात अभ्यासवर्गासाठी इस्लामी राज्यविचारावर पाऊण तासाचं मराठी टिपण करायचं आहे. गाडी शब्दांपाशी अडली आहे.

'हाकिमिया' म्हणजे हुकमाचा अंतिम अधिकार फक्त अल्लाहचा. 'सार्वभौमत्व' लिहिलं की ऐकणाऱ्याला संविधानातली जनता आठवते, आणि अर्थ बरोबर उलटा होतो. इस्लामी विचारवंत मौदूदींच्या (जन्म औरंगाबाद, १९०३) मांडणीत जनता मालक नाही, ती खलीफा, म्हणजे प्रतिनिधी. 'अंतिम आज्ञाधिकार' चालेल का? की मूळ शब्द ठेवून कंसात फोड द्यावी? 'खिलाफत'चं (खलीफाचं पद, प्रतिनिधित्व) तर विचारूच नका, अजून कितीतरी जण त्याचा अर्थ 'खिलाफ' म्हणजे विरोध असाच लावतात!

दुसरी अडचण 'शूरा'ची, म्हणजे कारभारात इतरांचा सल्ला घेण्याच्या तत्त्वाची. 'संसद' म्हटलं की घोटाळा. दुसरे खलीफा (इथे अर्थ शासक) उमर यांनी वारस निवडायला ६ जण नेमले, ते मतदारसंघांतून आलेले नव्हते. इमाम (इथे राज्यप्रमुख) निवडायला किती माणसं पुरेत यावर इस्लामी कायदेपंडित अल-मावर्दी (मृत्यू १०५८) अनेक मतं नोंदवतो. त्यांतलं एक मत ५ जण हवेत असं, ते याच प्रसंगावर उभं आहे (सहांतल्या एकाला उरलेल्या पाचांनी निवडायचं). दुसरं तर एकच माणूस पुरे म्हणतं. म्हणून 'सल्लामसलत' बरं वाटतं, पण ती शासकावर बंधनकारक की नाही, हा मूळ वाद त्या शब्दात दिसत नाही.

संसदेचे कायदे इस्लामला धरून आहेत का हे तपासणारी इराणची पालक परिषद (१२ सदस्य: ६ फकीह म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे जाणकार, ६ कायदेतज्ज्ञ) शेवटी दोन मिनिटांत उरकू.

उर्दू-अरबी जाणणाऱ्यांनी पर्याय सुचवावेत. कोंकणी शब्दही चालतील.