शेव्हेल एसएस ३९६ : कागद नसलेली १९७०ची घ्यावी की इंजिन बदललेली १९६७ची?

चौथा_गिअर :
शेव्हरोलेटची शेव्हेल एसएस ३९६ (एसएस म्हणजे ‘सुपर स्पोर्ट’ आणि ३९६ हे इंजिनाच्या घनइंचांवरून आलेले नाव) ही जुनी अमेरिकी गाडी संग्रहासाठी घ्यायची असे ठरवून मी दोन गाड्यांपर्यंत येऊन थांबलो आहे. पहिली १९७०ची असून ओहायोत आहे. तिचे रंगकाम नवे आहे, बॉनेटखालचा भागही चकचकीत आहे आणि विक्रेता तिला ‘नंबर्स मॅचिंग’, म्हणजे मूळ इंजिनावरचे आकडे गाडीशी जुळणारी, म्हणतो. मात्र बिल्ड शीट (गाडी बांधताना कारखान्यात वापरलेला तपशिलाचा कागद) किंवा मूळ विक्रीचा एकही कागद त्याच्याजवळ नाही. दुसरी १९६७ची, ॲरिझोनातली आहे. तिचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळखक्रमांक, १३८ने सुरू होतो, रंग उन्हाने विटला आहे आणि मूळ इंजिन फार पूर्वीच बदलले गेल्याचे मालकाने विचारण्याआधीच सांगितले. पहिलीची किंमत दुसरीच्या जवळजवळ दीडपट आहे. कागदांवाचून १९७०ची गाडी खरी एसएस आहे हे सिद्ध करता येते का, आणि येत नसेल तर ती दीडपट किंमत नेमकी कशाची समजायची?

टोनावांडा :
या दोन वर्षांमधला फरकच आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. १९६६ ते १९६८ या काळात एसएस ३९६ ही स्वतंत्र मालिका होती, त्यामुळे व्हीआयएनच्या आरंभीचे १३८ हे आकडे गाडीची ओळख स्वतःच पटवतात. १९६९पासून एसएस हे केवळ निवडीचे पॅकेज झाले. १९७० साली झेड२५ या संकेताने एसएस ३९६ आणि झेड१५ने एसएस ४५४ मागवता येत असे, पण व्हीआयएन मात्र मालिबू या साध्या शेव्हेलच्या व्ही८ कूपेचाच, म्हणजे १३६३७ने सुरू होणारा, राहिला. ३०७ घनइंचांचे सौम्य इंजिन असलेल्या मालिबूचाही आरंभ हाच असतो. म्हणून १९७०च्या गाडीला बिल्ड शीट, खरेदीचे मूळ बिल किंवा वॉरंटी पुस्तिकेतली प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही धातूची पट्टी यांपैकी काहीतरी लागतेच. बिल्ड शीट पुष्कळदा पेट्रोलच्या टाकीवर किंवा मागच्या आसनाच्या स्प्रिंगांमध्ये अडकलेली सापडते, त्यामुळे विक्रेत्याने तिथे कधी पाहिले आहे का, हे अवश्य विचारावे. अर्थात हे कागद आणि पट्ट्या नव्याने बनवूनही मिळतात, हेही ध्यानात असू द्या. पाँटियाकच्या खरेदीदारांना पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या नोंदी मागवता येतात आणि फोर्डच्या १९६७पासूनच्या गाड्यांसाठी कारखान्याच्या नोंदींवरून बनवलेला मार्टी अहवाल मिळतो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेव्हरोलेटसाठी तशी सोय नाही.

लोखंडी_ब्लॉक :
बारा बोल्टांचा मागचा एक्सल, गोल मीटरांचा डॅशबोर्ड, एसएसची जाळी ही सारी लक्षणे विक्रेते पुढे करतात, पण यातली प्रत्येक वस्तू बाजारात मिळते. गोल मीटरांचा डॅशबोर्ड तर शेव्हरोलेटच्याच त्या काळच्या मॉन्टे कार्लो गाडीतही जवळपास तसाच होता. त्यामुळे विक्रेत्याकडून इंजिन ब्लॉकवरच्या स्टॅम्प पॅडचे स्वच्छ छायाचित्र मागवा. ही लहानशी सपाट जागा प्रवाशाच्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे असते. तिच्यावर टी हे अक्षर, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडा कारखाना, नंतर जुळणीचा महिना व दिवस आणि मग इंजिनाचा संकेत असतो. १९६८पासून व्हीआयएनचा काही भागही तिथे ठोकला जाऊ लागला. ब्लॉकवर ओतकामाची तारीख वेगळी असते. आधी ओतकाम, मग इंजिनाची जुळणी आणि शेवटी ट्रिम प्लेटवरचा (बॉडीचा तपशील असलेल्या पट्टीवरचा) बॉडी बनल्याचा आठवडा, हा क्रम उलटा दिसला तर पुढची चर्चाच करू नये. जाता जाता सांगतो, १९७०च्या ‘३९६’ची खरी क्षमता ४०२ घनइंच होती, सिलिंडरचा व्यास वाढवूनही कंपनीने खपाऊ नाव तेवढे कायम ठेवले.

चौथा_गिअर :
विक्रेत्याने छायाचित्र पाठवले आहे. व्हीआयएनचे आकडे जुळतात आणि तारखांचा क्रमही योग्य आहे, परंतु पॅडचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत दिसतो.

लोखंडी_ब्लॉक :
कारखान्यातल्या यंत्राने त्या पृष्ठभागावर बारीक, समांतर रेषा उमटत असत. इंजिन दुरुस्त करताना ब्लॉकचा माथा घासून सपाट केला की त्या रेषा आणि मूळ आकडे दोन्ही जातात, आणि नंतर कोणीही हवे ते आकडे ठोकू शकतो. घासण्याचे काम प्रामाणिक दुरुस्तीतही होते, म्हणून एवढ्यावरून विक्रेत्याला खोटे ठरवता येणार नाही. पण गुळगुळीत पॅडवर स्पष्ट आकडे दिसत असतील तर ते मागाहून ठोकले गेले असणार, आणि अशा आकड्यांसाठी मी तरी जास्तीचा एक डॉलरही देणार नाही. उलट १९६७च्या बहुतेक शेव्हेलच्या इंजिनावर व्हीआयएनचा भाग नसतोच, त्यामुळे त्या गाडीत मूळ इंजिन नसण्याचे दुःख थोडे कमीच करा. जुन्या इंजिनाच्या जागी त्याच काळातला, योग्य संकेताचा ३९६ ब्लॉक आहे का, एवढे पाहावे.

वाळवंटी_पत्रा :
कागद आणि आकडे यांवर एवढे लिहिले गेले, पण पत्र्याकडे कोणाचेच लक्ष गेलेले नाही. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि नव्या रंगाखाली पुट्टीचे थर सहज लपतात. डिकीचा तळ, मागच्या चाकांवरचे पत्रे, मागच्या काचेखालची खाच आणि मागच्या एक्सलवरून वळणारी चौकट लोहचुंबक व टोचणी घेऊन तपासून घ्या. विटलेला रंग हा माझ्या मते दोष नव्हेच, कारण त्याच्याखाली काय आहे ते तरी दिसते. तरीही १९७०चे रूप मनात भरले असेल आणि विक्रेता चांगल्या प्रतिकृतीच्या किमतीवर उतरायला तयार असेल, तर चालवण्यासाठी ती गाडी घेण्यात गैर काही नाही.

टोनावांडा :
या मताशी मी सहमत आहे, फक्त विक्रेत्याला ‘मूळ इंजिन, मूळ एसएस’ हे शब्द विक्रीकरारात लिहून द्यायला सांगा. तो कचरला तर किमतीची बोलणी तिथूनच सुरू करता येतील. आणि व्हीआयएनची पट्टी स्वतः पाहा: १९७०ची डॅशबोर्डवर काचेतून दिसते, १९६७ची चालकाच्या दाराच्या खांबावर असते. पट्टी किंवा तिचे रिव्हेट छेडलेले वाटले, तर गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नका. व्हीआयएनमध्ये फेरफार हा अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याखालचा गुन्हा आहे आणि अशी गाडी जप्तही होऊ शकते.