गंमत म्हणून बॅटरीला खिळा ठोकायचा का?

फ्यूज

परवा भाच्याने एक व्हिडिओ दाखवला. एक माणूस फोनची बॅटरी शिकंज्यात पकडतो, तिच्यात खिळा ठोकतो, भसकन ज्वाळा येते, तो खदखदून हसतो आणि पुढची बॅटरी हातात घेतो. भाचा म्हणाला, "मामा, तुझ्याकडे जुन्या बॅटऱ्यांचा ढीग आहे, आपणही करू या ना." मी नाही म्हटलं. त्याने विचारलं, "का?" त्या 'का'चं नीट उत्तर द्यायला मला तासभर लागला, म्हणून ते इथे लिहून ठेवतोय.

लॅपटॉपच्या जुन्या पॅकमध्ये गोल सेल असतो तो घ्या. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून त्याला १८६५० म्हणतात. अडीच अँपिअर-अवरचा असेल तर त्यात साधारण ९ वॉट-अवर, म्हणजे ३२ हजार ज्यूल ऊर्जा असते. एवढ्यात १०० मिलिलिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत जातं. ही झाली फक्त विजेची ऊर्जा. आतलं द्रव जळतं त्याची उष्णता वेगळी आणि याहून जास्त.

हे सगळं आवरून धरणारा प्लास्टिकचा पडदा केसापेक्षा पातळ असतो. खिळा गेला की धन आणि ऋण या दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, त्या जागी प्रचंड करंट वाहतो आणि तापमान चढतं. सव्वाशे-दीडशे अंशांच्या दरम्यान पडदा वितळतो आणि शॉर्ट पसरत जातो. कोबाल्टवाल्या सेलमध्ये तर धन बाजूचं रसायन तापल्यावर स्वतःच ऑक्सिजन सोडतं. त्यामुळे वरून काहीतरी झाकून आग गुदमरेल ही आशाच सोडायची. आतल्या द्रवातलं लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट उष्णता आणि ओलावा मिळाला की हायड्रोजन फ्लुओराइड तयार करतं. व्हिडिओत ज्वाळा दिसते, हा विषारी वायू दिसत नाही.

माझ्या हातून एकदाच झालं, तेही गंमत करताना नव्हे. फुगलेली बॅटरी फोनच्या मागून पातळ पात्याने उचकटत होतो, टोक आत गेलं. आधी पांढरा धूर, मग दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग आग. बॅटरी फरशीवर फेकली म्हणून टेबल वाचलं. खोकला मात्र दोन दिवस गेला नाही. तेव्हा काम करताना जे चुकून होतं ते टाळ्यांसाठी मुद्दाम करू नये, निदान मुलांसमोर तरी नाहीच, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्धवाहक

असहमत, आणि मनापासून असहमत.

मी इलेक्ट्रॉनिक्स पुस्तकातून शिकलो नाही, जाळून शिकलो. चौदाव्या वर्षी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी छोटी डबी, उलटा जोडला. फट्ट आवाज झाला, डबी छताला लागून खाली आली आणि कागदाच्या चिंध्या शर्टावर पडल्या. त्या दिवसापासून आजवर एकही कपॅसिटर उलटा लावलेला नाही. शंभर वेळा 'ध्रुव बघून लाव' ऐकून हे झालं नसतं.

शिवाय वीजशास्त्राचा जन्मच अशा खेळांतून झालाय. १७४६ मध्ये नोले नावाच्या फ्रेंच पाद्र्याने राजासमोर १८० सैनिकांना हातात हात देऊन उभं केलं आणि लेडन जारचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या काचेच्या बरणीचा, झटका दिला. सगळे एकदम उडाले, राजा खूश झाला. जपानी शास्त्रज्ञ अकिरा योशिनो यांनी १९८६ मध्ये स्वतः बनवलेल्या लिथियम-आयन बॅटरीवर लोखंडाचा ठोकळा टाकून पाहिला, आणि २०१९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजही वाहतुकीला परवानगी मिळण्याआधी लिथियम बॅटऱ्या शॉर्ट करतात, चिरडतात, जादा चार्ज करतात. हालहाल करणं हीच तर सुरक्षिततेची परीक्षा आहे. मग तेच हौशी माणसाने केलं की गुन्हा का?

फ्यूज

योशिनोंचं उदाहरण तुम्ही दिलंत हे बरं झालं, कारण ते अर्धंच दिलंत. तो ठोकळा त्यांनी टेबलावर टाकला नाही. स्फोटकांची चाचणी घेतात त्या जागी जाऊन टाकला. त्यांच्या बॅटरीला काही झालं नाही, पण तुलनेसाठी घेतलेल्या, शुद्ध लिथियम धातू असलेल्या बॅटरीचा भयंकर स्फोट झाला. तो होऊ शकतो हे गृहीत धरूनच ते तिथे गेले होते. काय शोधायचंय हे ठरलेलं होतं, तुलनेला दुसरी बॅटरी होती, सगळ्यात वाईट काय होईल याची सोय आधी केलेली होती. भाच्याने दाखवलेल्या व्हिडिओत यातलं काय आहे? चष्मासुद्धा नाही.

चुंबकसूची

मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि मला तुम्हा दोघांशीही भांडायचंय.

अर्धवाहक, १७४६ सांगितलंत तर १७५३ ही सांगा. सेंट पीटर्सबर्गमध्ये गेऑर्ग रिखमान वादळात लोखंडी दांड्याला जोडलेल्या उपकरणाने विजेचं मापन करत होते. ते जागीच गेले. ते तर हौशीही नव्हते, विज्ञान अकादमीतले प्राध्यापक होते. खुद्द लेडन जारचा झटका खाल्लेल्या मुसेनब्रूक या डच शास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय की फ्रान्सचं राज्य दिलं तरी हे पुन्हा करणार नाही. खेळातून शास्त्र आलं हे खरं. पण त्या खेळाचा हिशेब सांगताना मेलेले गाळायचे नाहीत.

आणि फ्यूजदादा, 'नाही' एवढंच सांगून मुलं थांबत नाहीत. ती मागे अंगणात जाऊन करतात आणि मग आपल्याला कळतही नाही. माझ्या वर्गात मी एलईडी जाळू देते. पाव वॉटचा रेझिस्टर, म्हणजे करंट अडवणारा छोटा भाग, धूर निघेपर्यंत तापवू देते. अट एवढीच की करंटची मर्यादा बांधता येईल असाच पॉवर सप्लाय घ्यायचा, डोळ्यांवर चष्मा, खिडकी उघडी, आणि बटण माझ्या हातात. बटण बंद केलं की प्रयोग संपतो. मुलांना धूर दिसतो, वास येतो, 'वॉट' म्हणजे काय ते नाकाला कळतं.

बॅटरीला ते बटण नाही. एकदा सुरू झालं की आतलं सगळं संपेपर्यंत ती थांबत नाही. माझ्यासाठी सीमा तिथे आहे. मोडतोड करा, पण जास्तीत जास्त किती नुकसान होईल हे आधी ठरवता येत असेल तरच.

कपॅसिटरबद्दलही एक सांगते. मोठ्या डबीच्या डोक्यावर जी फुली किंवा रेघा कोरलेल्या असतात, ती दाब वाढला की तिथूनच फाटावं म्हणून केलेली सोय असते. अगदी लहान कपॅसिटरांवर बहुधा ती नसते. म्हणजे 'छोटाच तर आहे' म्हणून मुलं जो निवडतात, तो कुठून फुटेल याचा भरवसा कमी. तुमची डबी छताला लागली. छताऐवजी वाकून बघणारा चेहरा असता तर?

अर्धवाहक

ताई, तुमचा वर्ग मला आवडला असता. मान्य करतो, कपॅसिटरवर मी वाकलेलोच होतो, आवाजाच्या क्षणभर आधी पक्कड उचलायला मागे वळलो.

पण बॅटरीचं भय फुगवून सांगितलं जातंय असं मला अजूनही वाटतं. मी स्वतः आजवर वीसेक जुने सेल टोचलेत. एकही पेटला नाही. थोडे गरम झाले, दोनांतून धूर आला, बास.

फ्यूज

तुमचे वीस सेल जुने, उतरलेले होते. सेलमध्ये चार्ज कमी असेल तर टोचल्यावर तो बऱ्याचदा नुसता गरम होऊन राहतो. तोच सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरलेला असेल तर गोष्ट वेगळी. रसायनावरही अवलंबून असतं, लोह-फॉस्फेटवाले कोबाल्टवाल्यांपेक्षा बरेच शांत असतात. म्हणजे तुम्ही वीस वेळा धोका तपासला नाहीत, वीस वेळा जवळजवळ रिकामी बंदूक चालवलीत. आणि त्यातून मनात पक्कं काय बसलं? की काही होत नाही. एकविसावा सेल भरलेला निघाला तर तुम्ही तितक्याच निर्धास्तपणे तो हातात धरणार. या खेळातलं मला सगळ्यात भयंकर वाटतं ते हेच.

आणखी एक प्रश्न. ते वीस सेल आता कुठे आहेत? दुखावलेला सेल लगेच पेटेलच असं नाही, तासांनी, कधी दिवसांनीही पेटतो. कचऱ्यात टाकले असतील तर ते कचऱ्याच्या गाडीत दाबले गेले, किंवा कुणी हाताने वेगळे केले. ज्याने खिळा ठोकला त्याला मजा मिळाली, आणि ज्याने ठोकला नाही त्याच्या हातात सेल गेला.

रात्रपाळी

मी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात काम करते. वादात पडत नाही, पण हायड्रोजन फ्लुओराइडचा विषय निघालाय म्हणून लिहिते.

त्याचं पाण्यातलं द्रावण सौम्य असेल तर त्वचेवर लागल्याबरोबर दुखतच नाही. काही तासांनी दुखायला लागतं, तोवर ते आत उतरलेलं असतं. ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, त्यामुळे जास्त प्रमाणात गेलं तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल वापरतात, पण ते लावायचं हे डॉक्टरांना सुचण्यासाठी आधी कळायला हवं की काय झालं होतं. मुलं घाबरून 'चटका बसला' एवढंच सांगतात. बॅटरी फुटली असेल तर 'बॅटरी फुटली' असंच सांगा. रागावणं नंतर करता येईल. द्रव अंगाला लागलं असेल तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवा. धूर छातीत गेला असेल तर बरं वाटतंय म्हणून घरी बसू नका, फुफ्फुसांचा त्रास उशिराही सुरू होतो.

कातकाम

मी लाकूड कातणारा, बॅटरीतलं मला कळत नाही. पण आमच्यातही एक वेड आलंय. मायक्रोवेव्ह ओव्हन खोलून त्याचा ट्रान्सफॉर्मर काढायचा आणि लाकडावर विजेने झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी जाळायची. दिसते फार सुंदर, मलाही मोह झाला होता. त्या ट्रान्सफॉर्मरमधून दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब निघतो, आणि करंटही जीव घेण्याइतका पुरेसा. घरातलं गळती पकडणारं ब्रेकर आपल्याला वाचवेल असं लोक समजतात. पण ते भिंतीकडून जाणारा आणि परत येणारा करंट मोजतं. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला माणसातून काय वाहतंय ते त्याला दिसत नाही, ते पडत नाही. अनेक जण यात गेले आहेत. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या कातकाम करणाऱ्यांच्या संस्थेने आपल्या कार्यक्रमांत याचं प्रात्यक्षिकच बंद केलं. एरवी धारदार पटाशीला न घाबरणारी ही माणसं आहेत.

अर्धवाहक

ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने. त्याला मीही हात लावत नाही.

पण बंदी आणि भीती यांनी शहाणपण येतं हे मला पटत नाही. अग्निशमन दलाचे लोकही बॅटरी पेटवून दाखवतात की. ते पाहून लोक शिकतात. शिकवणारा व्हिडिओ आणि गंमतीचा व्हिडिओ यांत फरक कोण ठरवणार?

चुंबकसूची

मला वाटतं फरक शेवटच्या मिनिटात कळतो. अग्निशमनवाले ज्वाळा संपल्यावर कॅमेरा बंद करत नाहीत. आग पुन्हा कशी पेटते, किती पाणी लागतं, जळकं काय राहतं, हे दाखवतात. गंमतवाला ज्वाळेवरच व्हिडिओ कापतो आणि पुढची बॅटरी घेतो. मुलाच्या मनात काय उरतं ते त्या कापण्यावर ठरतं.

अर्धवाहक

पाण्याचं निघालं म्हणून विचारतो. लिथियमवर पाणी टाकलं तर उलट भडकतं ना? मी तर वाळूची बादली ठेवतो.

फ्यूज

हा गोंधळ फार जणांचा होतो. फोन-लॅपटॉपच्या लिथियम-आयन सेलमध्ये लिथियम संयुगांच्या रूपात असतं, धातूची कांडी नसते. तिथे पाणी हेच काम करतं, कारण थंड करणं महत्त्वाचं, म्हणजे शेजारचा सेल पेटत नाही. विमानात फोन पेटला तर कर्मचाऱ्यांनी ज्वाळा विझवून वर भरपूर पाणी ओतायचं असतं. वाळूने ठिणग्या आवरतात, पण सेल आत तापतच राहतो. खरा लिथियम धातू असलेले, पुन्हा चार्ज न होणारे सेल वेगळे. आणि घरात पॅक पेटला तर आधी माणसं बाहेर काढायची, धुरात उभं राहून विझवत बसायचं नाही.

पण तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत. वीस सेल कुठे आहेत?

अर्धवाहक

टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. टाकवले नाहीत. आता उठून बघतो.

अर्धवाहक

बघितलं. वीस नाही, तेवीस निघाले. तिघांच्या खालचा कागद ओला आहे आणि ड्रॉवर उघडल्यावर गोडसर वास आला, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा. काय करू?

फ्यूज

तो इलेक्ट्रोलाइटचा, म्हणजे सेलमधल्या द्रवाचा वास आहे, सेल गळतायत. खिडकी उघडा आणि खोलीतून सगळ्यांना बाहेर काढा. उघड्या हाताने शिवू नका. हातमोजे घाला, चष्मा घाला, आधी ते तीन चिमट्याने उचला. धातूचा चिमटा दोन्ही टोकांना एकदम लागू देऊ नका, शक्यतो लाकडी किंवा प्लास्टिकचाच घ्या. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा आणि झाकण घट्ट लावू नका, दाब कोंडता कामा नये. डबा घराबाहेर, उन्हापासून आणि जळणाऱ्या वस्तूंपासून लांब. बाकीचे वीस दुसऱ्या डब्यात, प्रत्येकाच्या टोकांवर चिकटपट्टी लावून, एकमेकांना न टेकता. चार्ज करून 'जिवंत आहे का' बघायचं नाही. उद्या ई-कचरा घेणाऱ्यांना आधी फोन करा आणि सेल टोचलेले आहेत हे स्पष्ट सांगा.

झालं की इथे लिहा. मी जागा आहे.