शुगर, बीपी आणि आता किडनी पण... बाबांनी नेमकं खायचं काय?

गोंधळलेली_लेक:
बाबांना शुगर आणि बीपी जुनंच आहे, गोळ्या चालू आहेत. पण यावेळी रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं आलं आणि डॉक्टर म्हणाले आता किडनीलाही जपा. तेव्हापासून घरात नुसता गोंधळ चाललाय. शुगरसाठी वाचलं तर अख्खी धान्यं, कडधान्यं खा म्हणतात, बीपीसाठी फळं-पालेभाज्या भरपूर, पोटॅशियम चांगलं, आणि किडनीचं वाचायला घ्यावं तर पोटॅशियम नको, डाळी नको, प्रोटीन नको! तिन्हीकडचं 'नको' एकत्र केलं तर ताटात उरतं काय, पाणी? तर तेही मोजून प्या म्हणे. बाबांनी वैतागून जेवण निम्म्यावर आणलंय, वजन उतरतंय, आई म्हणते बरंच झालं की. डायटिशियनची अपॉइंटमेंट मिळायला अजून वेळ आहे, तोवर काय करू?

निवांत:
आधी पोटॅशियम आणि ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाजे आकडा) किती आलंय ते सांगा. किडनीचं पथ्य असं एकच एक नसतंच, डायलिसिसवाल्याचं वेगळं, सुरुवातीच्या टप्प्यातल्याचं वेगळं, आणि नेटवर सगळं एकाच कढईत ढवळून ठेवलेलं असतं.

गोंधळलेली_लेक:
ईजीएफआर ४८, पोटॅशियम ४.६. पायाला सूज वगैरे नाहीये.

आहारवाली:
ताई, मी याच कामात आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते, पण बाबांना न बघता लिहितेय हे लक्षात असू द्या. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मध्ये असेल तर नॉर्मल. मग फळं-भाज्या कशाला बंद करायच्या? भाज्या उकळून पाणी ओतून द्यायचं वगैरे जे वाचता ते आकडा वर गेलेल्यांसाठी. प्रोटीनचं म्हणाल तर या टप्प्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. 'बंद' नाही, बेताचं! आणि वजन आपोआप उतरत असेल तर प्रोटीन आणखी कापणं म्हणजे स्नायू घालवणं. डायलिसिस सुरू झालं की उलट जास्त लागतं, म्हणून तर याद्या एकमेकींशी जुळत नाहीत.

डाळींची भीती फॉस्फरसमुळे असते. पण डाळी-कडधान्यांतलं फॉस्फरस शरीरात पूर्ण शोषलं जात नाही, प्रोसेस्ड चीज, प्रोसेस्ड मांस, कोला यांत वरून घातलेलं फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळं शोषलं जातं. म्हणजे काट मारायचीच तर तिथे मारा.

तिन्ही आजारांत एकमताने कमी करायची गोष्ट म्हणजे मीठ. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, एक छोटा चमचा, ब्रेड, सॉस, पाकिटातलं सूप सगळं धरून. पाकिटामागे बहुतेक वेळा सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, एका वाटी सूपमध्ये! पाण्यावर बंधन मात्र सूज किंवा हार्टचा त्रास नसेल आणि डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर आत्ता लादू नका.

उंटावरचा_शहाणा:
मला कळत नाही एवढा काथ्याकूट कशाला. खाणं कमी केलं की शुगर जाते, २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या ट्रायलमध्ये दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी देऊन वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय आटोक्यात आली. काका निम्मं जेवतायत ते उत्तमच की.

निवांत:
अहो शहाणे, तो ट्रायल पूर्ण वाचलात का? सहा वर्षांच्या आत निदान झालेले, वजन जास्त असलेले, इन्सुलिनवर नसलेले लोक होते त्यात. आणि मुख्य म्हणजे शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या, देखरेखीखाली. इथे काकांनी जेवण निम्मं केलंय आणि गोळी?

ताई, कोणती गोळी आहे हो? जेवण कमी केल्यावर डोस बदलला का?

गोंधळलेली_लेक:
डोस तोच आहे. शुगरच्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीची टेल्मिसार्टन. आता तुम्ही विचारलंत म्हणून... संध्याकाळी त्यांना मधूनमधून दरदरून घाम येतो, हात थरथरतात, आईला वाटलं अशक्तपणा आहे.

निवांत:
मग पथ्य राहू द्या बाजूला, आजच्या आज डॉक्टरांना फोन करा. हा अशक्तपणा नसून शुगर फार खाली गेल्याची खूण असू शकते. ग्लिमेपिराइड जेवलात काय, नाही जेवलात काय, शुगर खाली ओढतेच, आणि किडनी मंदावली की तिचा असर लांबतो. घाम-थरथर झाली की लगेच ग्लुकोमीटरवर बघा, ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत बघा. मीटर हाताशी नसेल तर वाट बघत बसू नका, साखर द्या. ग्लानीत असतील तर मात्र तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

आहारवाली:
अगदी बरोबर, हे माझ्याकडून राहून गेलं असतं. डॉक्टर गोळीचं काही सांगेपर्यंत जेवणाची वेळ चुकवू देऊ नका. आणि अजून एक, घरात 'लो सोडियम' मीठ वापरत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि टेल्मिसार्टननेही पोटॅशियम वाढू शकतं.

गोंधळलेली_लेक:
फोन केला. ग्लिमेपिराइड सध्या बंद करायला सांगितलीय, शुगर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवायची आणि परवा बोलावलंय. बाबा डाळ परत मिळाली म्हणून खूश! ते लो सोडियम मीठ आहे घरात, आईच्या बीपीसाठी म्हणूनच आणलेलं. फेकून देऊ का?

आहारवाली:
आईंची किडनी ठीक असेल आणि त्या पोटॅशियम वाढवणारी गोळी घेत नसतील तर त्यांना चालेल, विचारून घ्या. पण एका स्वयंपाकघरात दोन मिठाचे डबे म्हणजे घाईत अदलाबदल होणारच. त्यापेक्षा साधंच मीठ ठेवा आणि दोघांचंही कमी करा. लिंबू, लसूण, मिरी जास्त घाला, पहिले काही दिवस बाबा नाक मुरडतील.