"पर केजी"ला मराठीत काय म्हणता? (आणि मात्रा की डोस?)

परळच्या बाजूला एका हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे मी. डिस्चार्जच्या वेळी आईबापांच्या हातात द्यायला एकपानी मराठी कागद करायचं काम माझ्यावर आलंय, कारण इन्चार्ज सिस्टरच्या मते माझं मराठी बरंय (म्हणजे बाकीच्या निम्म्या केरळच्या आहेत, एवढंच). औषध मुलाच्या वजनावर ठरतं, ड्यूटीवर "फिफ्टीन एमजी पर केजी पर डोस" हे एका दमात म्हणतो आपण, पण तेच लिहायला बसले आणि अडले. आधी कुणीतरी करून ठेवलेल्या कागदावर "शरीरभाराधिष्ठित औषधमात्रा" असं होतं. रात्री दोन वाजता तापाने फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन कोण वाचणार हे!

तर प्रश्न दोन. मात्रा म्हणायचं की डोस? आणि हे "पर" कसं लिहायचं, प्रति, दर, मागे, की नुसतं "ला"?

———

डोसच लिहा. मात्रा म्हटलं की माझ्या आजीला हेमगर्भाची मात्रा आठवते, आणि ती उगाळायची वेळ आली म्हणजे माणूस गेल्यातच जमा. नातेवाइकांना "मात्रा द्या" सांगितलंत तर तिथेच रडारड सुरू होईल.

———

डोस तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे, आपल्याकडे डोस पाजतात ते उपदेशाचे! मूळ ग्रीक शब्द, अर्थ "देणं", म्हणजे आपल्या "दा" धातूचाच लांबचा भाऊ. उलट मात्रा आली "मा" म्हणजे मोजणं यातून, म्हणून तीनतालाच्या सोळा त्याही मात्रा, दीर्घ अक्षराच्या दोन त्याही मात्राच आणि क चा के करताना डोक्यावर देतो तीही मात्रा. सिस्टर, तुमचं काम देण्याचं आहेच पण आधी मोजण्याचं आहे, त्या हिशेबाने मात्रा जास्त बरोबर. आता लोक घाबरतात त्याला आमचा इलाज नाही, म्हणजे आमची मात्रा चालत नाही :)

———

आमच्याकडे आई बाळगुटी द्यायची तेव्हा माप वेढ्याचं असायचं. सहाणेवर हळकुंडाचा एक वेढा, वेखंडाचा एक, बाळ मोठं होईल तसे वेढे वाढवायचे. म्हणजे डोस ठरायचा तो वजनावर नाही तरी वयावर. "वेढा" हा शब्द कुणी वापरतं का अजून?

———

गुटीचं नाव काढू नका हो, सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही हे सांगून सांगून आमचा घसा बसतो. शब्द मात्र झकास आहे. "पर"चं बोला ना कुणीतरी.

———

गावाला भाऊ फवारणी करतो तो "पंपाला तीस मिली" म्हणतो आणि खताचं "एकरी दोन बॅगा". एकरी, हेक्टरी, माणशी चालतं तर "किलोई" का नाही? (नाही, मलाही ऐकायला विचित्रच वाटलं.) "किलोला" लिहा सरळ.

———

परत मीच, जरा लांबलंय. "किलोला" आणि "दर" दोन्ही कच्च्या कागदावर लिहून बघितलं, "दर किलो १५ मिग्रॅ" वाचून एका बाबांनी विचारलं "सिस्टर, हा औषधाचा रेट का?" दादरच्या भाजीवाल्याची पाटीच झाली ती. "प्रति" समजतं पण सरकारी वाटतं. "किलोमागे" सगळ्यात सरळ लागलं, शंभरामागे पाच म्हणतो तसं, त्यामुळे ते नक्की.

पण घोळ तिथे नाहीच, घोळ आहे तो पुढच्या "पर"मध्ये. पॅरासिटामॉल किलोमागे १५ हे एका वेळेचं असतं. ॲमॉक्सिसिलिन किलोमागे ४० असं लिहिलेलं असतं तेव्हा ते अख्ख्या दिवसाचं असतं, तीन वेळांत वाटून द्यायचं. १२ किलोचं मूल असेल तर दिवसाचे ४८० मिलिग्रॅम, एका वेळेला १६०. आता मराठीत "४८० ची मात्रा, दिवसातून तीन वेळा" लिहा, कोणीही तिन्ही वेळेला ४८० देईल आणि चूक त्याची नाही. म्हणून नुसतं मात्रा नको आणि नुसतं डोसही नको, "एका वेळेला" की "दिवसभरात मिळून" ते शब्दातच आलं पाहिजे.

आणि मिलिग्रॅम वेगळं, मिली वेगळं. ८ किलोच्या बाळाला १५ ने पॅरासिटामॉलचे १२० मिलिग्रॅम होतात. १२०च्या सिरपमध्ये ते ५ मिलीत मिळतात, २५०च्या सिरपमध्ये (५ मिलीत २५०) २.४ मिलीत, आणि ड्रॉप्स असतील (१ मिलीत १००) तर १.२ मिलीत. औषध तेच, बाटल्या तीन. घरी जुने ड्रॉप्स पडलेले असतात आणि आजी "पाच द्यायचंय ना" म्हणून चमचाभर देते, म्हणजे चौपटीच्याही वर. "चमचा" हा शब्द तर मी कागदातून हद्दपारच केलाय, घरात चार आकाराचे चमचे असतात.

बोलण्यातली गंमत वेगळीच. नवीन मल्याळी सिस्टरला मी ट्रॉलीपाशी "अडीच घे" म्हटलं, ती सिरिंज हातात धरून थांबली आणि म्हणाली "अडीच म्हणजे साडेदोन ना?" हिशेब किती बरोबर आहे बघा, साडेतीन आहे तर साडेदोन का नाही! तेव्हापासून मी दीड, अडीच, पाऊण ड्यूटीवर बोलतच नाही, "टू पॉइंट फाइव्ह" म्हणते आणि समोरचीकडून परत म्हणवून घेते. मराठीचा अभिमान घरी.

———

एक शंका. बाटलीच्या टोपणावर आकडे इंग्रजी असतात आणि तुमच्या कागदावर मराठी. आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, मग त्या आईने जुळवायचं कसं?

———

अरे हो की! हे डोक्यातच नव्हतं आलं. मग सिरिंजचं चित्रच काढते आणि डिस्चार्जच्या वेळी पेनाने त्याच्यावर रेघ मारून देते.

आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की "किलोमागे" आईबापांना हवंय कशाला, गुणाकार आमचा, त्यांना फक्त रेघ. ते आमच्या वॉर्डातल्या तक्त्यावर जाईल. तापाच्या औषधाच्या कागदावर एवढंच ठेवते: "आजचं वजन ___ किलो (कपडे काढून). याच बाटलीतलं औषध, एका वेळेला ___ मिली. दोन वेळांत निदान ६ तास. २४ तासांत ४ वेळांपेक्षा जास्त नाही." मात्राही नाही, डोसही नाही.

———

"आजचं"च्या जागी तारीख घाला, नाहीतर पुढच्या वर्षी तोच कागद काढतील. आणि ते टोपण की झाकण?

———

तारीख घातली. टोपण. झाकण पातेल्याचं.