द कॉर्समधली शिट्टी ऐकून टिन व्हिसल घेतली, पण गाण्याशी जुळतच नाहीये

रानवारा
नमस्कार मंडळी, दोन शंका आहेत. एक वाजवण्याची, दुसरी नुसतीच डोक्यातली.

हॉस्टेलला रूम पार्टनरकडे द कॉर्सची 'फरगिव्हन, नॉट फरगॉटन' कॅसेट होती, 1995 चा अल्बम, आयर्लंडच्या डंडॉक गावच्या तीन बहिणी आणि एक भाऊ, अँड्रिया, शॅरन, कॅरोलिन आणि जिम. आम्ही पॉप म्हणूनच लावायचो पण गंमत अशी की दोन गाण्यांच्या मध्येच एखादी छोटीशी जुनी धून यायची, व्हायोलिन आणि ती बारीक शिट्टी, आणि चहाचा ग्लास विसळता विसळता हात थांबायचा. ती शिट्टी डोक्यात बसली ती बसलीच. आता पंचेचाळिशीत हौस आली आणि टिन व्हिसल, म्हणजे सहा भोकांची पत्र्याची शिट्टी, ऑनलाइन मागवली. मागवली डी सुराची, आली सी सुराची, विकणारा म्हणतो सारखंच असतं साहेब. सारखं कसं असेल, गाण्याबरोबर वाजवलं की सगळं एक सूर खाली! बासरी दोन वर्षं शिकलोय त्यामुळे भोकांवर बोटं नीट पडतात, तरी भलतंच वाजतंय.

दुसरं म्हणजे बायको म्हणते यात लोकसंगीत वगैरे काही नाही, पॉपलाच वरून फोडणी दिलीय. मी भांडलो खरा, पण त्यांचाच 2000 चा 'इन ब्लू' अल्बम परत ऐकला आणि गप्प बसलो. 'ब्रेथलेस' तिकडे इंग्लंडात एक नंबरला गेलं, पण त्या अख्ख्या अल्बममध्ये नुसती वाद्यांची धून शोधायला गेलो तर शेवटी एकच सापडली. तुमचं काय मत?

बासरीवाला_नाशिक
आधी ती सी परत करा, नाही घेतली तर भाच्याला द्या. नवशिक्यासाठी पुस्तकं, व्हिडिओ, सेशनमधल्या (तिकडे पबमध्ये जमून वाजवतात त्या बैठकीतल्या) धुना, बहुतेक सगळं डी धरूनच असतं.

आता बोटांचं. आपण बासरीवर वरची तीन भोकं बंद करून सा धरतो ना, ते लोक सहाही बंद केलं की तो सा धरतात. म्हणजे आपला मंद्र पंचम हा त्यांचा सा. तिथून एकेक बोट उचलत गेलात की सरळ बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध स्वर, येतो, काही वेगळं करावं लागत नाही. तुम्ही सवयीने तीन बंदला सा धरत असणार, म्हणून घोळ होतोय. आणि तसंच वाजवायचं असेल, म्हणजे डी व्हिसलवर जी सुराला सा धरून, तर शुद्ध मध्यमाला अर्धं भोक दाबत बसू नका. सगळ्यात वरचं उघडं आणि त्याखालची दोन बंद, स्वच्छ येतो. मला हे कळायला चार महिने लागले, कुणी सांगितलंच नाही.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, विसरा, जिग आणि रील या नाचाच्या धुनांत तरी. तिथे कणस्वरांचा खेळ आहे, एक बोट टिचकी मारल्यासारखं उचलायचं आणि ठेवायचं, त्याला ते कट म्हणतात. जीभ कमी वापरा. फुंक जरा वाढली की वरचं सप्तक लागतं आणि घरातले बाहेर येऊन बघतात कुकर कुणी लावला.

जिग म्हणजे तीन-तीनच्या सहा मात्रा, दादराच समजा पण मागे कुत्रं लागल्यासारखा. रील चारची. कॉर्सनी वाजवलेली 'टॉस द फेदर्स' रील आहे, तिच्या वाटेला आत्ता जाऊ नका. 'हेस्ट टू द वेडिंग' ही जिग घ्या, साधारण डी मेजरमध्येच वाजवतात आणि पारंपरिक आहे, कॉर्सही स्टेजवर वाजवायचे.

मुक्ता_डब्लिन
बासरीवाले दादा, तो मध्यमाचा भाग मस्त सांगितलात.

दुसऱ्या शंकेबद्दल माझं. मी नऊ वर्षं डब्लिनला आहे, ऑफिसातल्या एका बाईंना कॉर्स आवडतात म्हटलं तर नाक मुरडलं त्यांनी, आणि त्याच बाईंना ख्रिसमस पार्टीत दुसऱ्या ग्लासनंतर सगळी गाणी तोंडपाठ. तर असं आहे इथे.

हे लोक काही लोकसंगीताच्या घराण्यातले नव्हते, त्यांचे आईवडील पबमध्ये दुसऱ्यांची हिट गाणी वाजवायचे, म्हणजे घरात आधी पॉपच आलं. त्यामुळे फोडणी म्हणायची तर ती धुनांची, भात पॉपचाच. पण म्हणून फोडणी खोटी होत नाही ना. यांचं नशीब पण बघा, डब्लिनच्या व्हेलन्स नावाच्या पबमध्ये अमेरिकेच्या राजदूत जीन केनेडी स्मिथ यांनी ऐकलं आणि 1994 च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी बॉस्टनला बोलावलं, मग न्यूयॉर्कला संगीत निर्माता डेव्हिड फॉस्टर जिथे रेकॉर्डिंग करत होता त्या स्टुडिओत हे वाद्यं घेऊन सरळ जाऊन उभे राहिले आणि त्याच्यासमोर वाजवून दाखवलं, त्यातून तुमची ती कॅसेट झाली.

खरं सेशन वेगळंच असतं. माइक नाही, स्टेज नाही, कोपऱ्यातल्या टेबलाभोवती सात-आठ जण, एक धून दोनदा-तीनदा झाली की कुणीतरी नुसतं मान वर करून बघतं आणि सगळे पुढच्या धुनेत उडी मारतात, ती कुठली हे आधी ठरलेलंच असेल असं नाही. गोल फिरणाऱ्या झोक्यावर चालत्या-चालत्या चढल्यासारखं. बोऱ्हान, म्हणजे आपल्या डफासारखं बकऱ्याच्या कातड्याचं, एका काठीने वाजवतात, कॉर्समध्ये कॅरोलिन वाजवते, सेशनमध्ये तो एकाच्या वर नको अशी पद्धत. इथला जुना विनोद आहे, बोऱ्हान वाजवायला सगळ्यात चांगलं काय? चाकू.

आणि 'इन ब्लू'वर थांबू नका हो. 2005 चा 'होम' ऐका. आई 1999 ला गेली, तिच्या गाण्यांच्या वहीतली गाणी घेऊन केलाय, त्यात दोन आयरिश भाषेत आहेत. मला त्यांचं सगळ्यात आवडतं काम तेच, पण 'ब्रेथलेस'सारखा गाजला नाही.

खडूस_पेटीवाला
वहिनींचं बरोबर आहे. माझी साधी टेस्ट: ड्रम मनातल्या मनात बंद करा आणि उरलेलं टिकतं का बघा. 'टॉस द फेदर्स' टिकते कारण ती धूनच जुनी आहे. पण कॉर्सच्याच 1997 च्या 'टॉक ऑन कॉर्नर्स'चं काय झालं? मूळ अल्बम तिकडे इंग्लंडात नीट खपला नाही, मग फ्लीटवुड मॅक या जुन्या बँडच्या 'ड्रीम्स' गाण्याचा नाचायचा रीमिक्स वगैरे घालून परत काढला आणि 1998 ला इंग्लंडातला सगळ्यात जास्त विकला गेलेला अल्बम तोच. विकलं ते काय, शिट्टी की ठोका?

मिसळायचं तर क्लॅनड या आयरिश बँडसारखं. डोनेगालमधल्या ग्वीडोरची मंडळी, भावंडं आणि जुळे मामा, घरात आयरिश बोलणारी, गायिका एन्या त्यांच्यातलीच. 1982 ला 'हॅरीज गेम' मालिकेचं गाणं केलं, सिंथेसायझर आहे, घुमणारे आवाज आहेत, सगळं आधुनिक, पण शब्द आयरिश, आणि ते इंग्लंडात पहिल्या पाचात गेलं. फोडणी नाही, भातच वेगळा.

स्कॉटलंडच्या केपरकेली बँडचं पण ऐका. बायका ओलं लोकरी कापड टेबलावर आपटून घट्ट करताना म्हणायच्या त्यातलं एक गेलिक (तिकडची जुनी भाषा) गाणं त्यांनी बास-ड्रम लावून केलं आणि 1992 ला ते इंग्लंडच्या पहिल्या चाळीसात पोचलं. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी धरायची, हात चालू. माझी आजी जात्यावर बसायची तेव्हा समोरची मावशी ओवी अशीच उचलायची, फरक इतकाच की जातं गोल फिरतं आणि हे टेबलावर आपटतात. पॉपचा ठोका तिथे उपरा वाटत नाही कारण ठोका मुळातच होता.

मुक्ता_डब्लिन
पेटीवाले काका, ते मान्य, पण रीमिक्समुळे ऐकायला आलेला माणूस नंतर तुमच्या क्लॅनडपर्यंत पोचतोच ना. रानवारा बघा की, पंचवीस वर्षांनी शिट्टी विकत घेतली. ते कुठल्या ठोक्यामुळे?

खडूस_पेटीवाला
ते शिट्टीमुळेच, त्यांनीच वर लिहिलंय. माझाच मुद्दा झाला.

रानवारा
भांडू नका हो! सहाही बंद धरून सा लावला आणि पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं वाजलं, सी मध्येच, पण वाजलं. विकणाऱ्याने बदलून द्यायला नकार दिला, आता दुसरीकडून डी मागवलीय, यावेळी नळीवर कोरलेल्या सुराच्या अक्षराचा फोटो आधी मागून घेतला. 'होम' काल रात्री लावला, बायको म्हणाली हे कोण गातंय, मी सांगितलं तेच ते, तुझे फोडणीवाले. काही बोलली नाही पण बंदही कर म्हणाली नाही.

बासरीवाले दादा, त्या जिगच्या दुसऱ्या भागात वरच्या सप्तकात गेलं की सूर फाटतो, फुंक कमी पडतेय की जास्त?

बासरीवाला_नाशिक
जास्त. आणि तोंडात धरताना दात लावू नका, नुसते ओठ. खिडकी तेवढी बंद करा.